दोन्ही घोट्यांना गवत

टाकेमास्तरांच्या दुकानातून बूट घेऊन कोणी सल्ल्याशिवाय बाहेर पडलं, असं तीस वर्षांत एकदाही झालं नव्हतं. बूट कागदात गुंडाळून झाले, दोरा बांधून झाला, गिऱ्हाईक निघायला वळलं, की मास्तर चष्मा कपाळावर सरकवत आणि म्हणत, "एक लक्षात ठेवा. चिखलात पाय घालायचा नाही. कडेकडेनं चालायचं, गवतावरून. सोल दहा वर्षं हूं की चूं करणार नाही." हे ते इतक्या जिव्हाळ्यानं सांगत, की ऐकणाऱ्याला वाटे, हे गुपित फक्त आपल्याच वाट्याला आलंय. प्रत्यक्षात निम्म्या गावाच्या पायांना ते तोंडपाठ होतं.

निम्म्या गावाचे पाय म्हणायचं कारण साधं होतं. गल्ली जिथे संपे तिथेच डोंगराची पायवाट सुरू होई, आणि मास्तरांचं दुकान गल्लीतलं शेवटचं. रोज सकाळी फेरी मारणारे, सुट्टीला पाठीवर पिशव्या अडकवून निघणारे, सगळे त्यांच्या पायरीसमोरूनच पुढे जात आणि आज ना उद्या त्यांचे बूट मास्तरांच्या मांडीवर येत. मास्तर स्वतः मात्र डोंगर चढत नसत. लग्न नवं असताना एकदा गेले होते म्हणे, पण तेव्हा बायकोनं विहिरीत उडी मारू या म्हटलं असतं तरी ते निघाले असते, त्यामुळे ते धरायचं नाही. त्यानंतर डोंगरच त्यांच्याकडे येत राहिला. बुटाच्या खाचांतून काडीनं माती उकरताना त्यांना कळे, ही पिवळी पहिल्या वळणावरची, ही काळी झऱ्याजवळची, ही बारीक लाल अगदी वरच्या सपाटीवरची. डोळे मिटून ती चिमटीत चोळली, की मास्तरांना आपण वर जाऊन आल्यासारखं वाटे.

उरलेला डोंगर त्यांना बायको सांगे.

मास्तरीणबाईंच्या नजरेच्या मधोमध आठ वर्षांपूर्वी एक धुरकट ठिपका बसला होता आणि तो दर वर्षी थोडा थोडा पसरत गेला. दोन डॉक्टर झाले, तीन झाले, मग सगळ्यांनीच हात टेकले. आता त्यांना उजेड कळे, सावली कळे, दारात कोणीतरी उभं आहे एवढं कळे. गावाला यातलं काही माहीत नव्हतं. मास्तरीणबाई आवाजावरून माणूस ओळखत आणि समोरच्यानं तोंड उघडायच्या आत स्वतःच काहीतरी विचारून त्याला बोलतं करत. बाजारात जाताना त्या नवऱ्याचा दंड धरत, आणि लोक म्हणत, या वयातही काय प्रेम आहे बघा! त्या लोकांना तसं समजू देत. ते अगदीच खोटं होतं असंही नाही.

दुकानामागच्या दोन खोल्यांत प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली होती. साखरेचा डबा डावीकडे, चहाचा उजवीकडे, खुर्ची भिंतीपासून वीतभर. मास्तरांनी एकदा ती खुर्ची उन्हासाठी हलवली, तर त्यावरून जे महाभारत झालं त्याचा आवाज गल्लीच्या दुसऱ्या टोकाला गेला होता.

पण गुरुवारी सकाळी मास्तरीणबाई कोणाचा दंड धरत नसत. गुरुवारी त्या एकट्या डोंगरावर जात. परकर-पोलक्यात होत्या तेव्हापासून जात होत्या. ती वाट दीड फूट रुंद, एका माणसापुरती, आणि दोन्ही बाजूंना गुडघ्याखाली येईल एवढं गवत. "दोन्ही घोट्यांना गवत लागतंय तोवर मी वाटेवर," त्या सांगत. "एका घोट्याचं सुटलं, की एक पाऊल मागे. त्यात काय एवढं?" यासाठी मास्तर त्यांना खास बूट शिवून देत. बूट कसले, मऊ कातड्याचे मोजेच ते. घोटा मोकळा, सोल इतका पातळ की खाली पान आहे की काडी तेही पायाला कळावं. दुनियेला दहा वर्षं टिकणारे सोल लावणारा हा माणूस बायकोला वर्षभरात झिजणारे बूट शिवून देई आणि त्यातच त्याला सगळ्यात जास्त अभिमान होता.

परत आल्या, की त्या दुकानातल्या स्टुलावर बसून सांगत. आज धुकं खांद्यापर्यंत होतं. तिसऱ्या वळणावरचा मोठा दगड अजून कालच्या उन्हानं कोमट होता. झऱ्यापाशी कोणीतरी शीळ घालत होतं, मी जवळ गेल्यावर गप्प झालं, पक्षी असेल किंवा पोस्टमन. मास्तर आरीनं भोक पाडत, दोऱ्याला मेण लावत आणि ऐकत. ऐकता ऐकता दुकान कुठे जाई कोण जाणे. फळीवरचे बूट धुक्यात बुडत, भिंतीतून गवत वर येई, आणि हातातला टाका आपोआप पडत राही. गुरुवारी शिवलेले टाके सगळ्यात सरळ येतात, हे मास्तरांनी कोणालाही सांगितलेलं नव्हतं.

मग एका गुरुवारी मास्तरीणबाई दोन तास उशिरा आल्या, त्याही एका अनोळखी बाईचा हात धरून. कोपर सोललेलं, पदराला चिखल.

"घसरल्या जरा," एवढं सांगून ती बाई गेली. मास्तरांनी दार लोटलं, पाणी आणलं, कोपर पुसायला घेतलं.

"वाट हरवली," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"अगं, वाट कशी हरवेल? ती काय किल्ली आहे?"

"हसू नका. दुसऱ्या वळणापाशी गवत वर्षभर विरळ होतच होतं, चाचपून सापडायचं; आज सुटलंच. डावीकडे गेले, गवत नाही. उजवीकडे वळले, गवत नाही. दहा पावलं मोजली हो मी, दहा! नुसता निसरडा चिखल. मग चढ कुठे आणि उतार कुठे तेच कळेना." त्यांनी हात ओढून घेतला. "भीती वाटली मला."

हा शब्द मास्तरांनी या तोंडून कधी ऐकला नव्हता. डॉक्टरनं शेवटचं उत्तर दिलं त्या दिवशीसुद्धा नाही.

संध्याकाळी त्यांचा मेव्हणा आला. मास्तरीणबाईंचा हा धाकटा भाऊ डोंगराची वाट राखायच्या नोकरीवर होता. कुदळ, फावडं, घमेलं आणि भरघोस मिशा, एवढा त्याचा सरंजाम. त्यानं चहा घेतला, बहिणीचं कोपर पाहिलं आणि मान खाली घालून म्हणाला, "ताई, आता एकटीनं नको जाऊस."

"दिसत नाही म्हणून सांगतोस?"

"डोळस माणसंही घसरतायत गं. वाट बिघडलीय."

मास्तरीणबाईंनी कप उचलला, मोरीपाशी नेला, विसळला आणि पालथा घातला. तो विषय तिथेच संपला.

पुढच्या गुरुवारी त्या नेहमीसारख्या उठल्या. वेणी घातली, बूट चढवले, बूट काढले आणि खिडकीशी बसल्या. त्या दिवशी दुकानात कोणी काही सांगायला आलं नाही. त्याच्या पुढच्या गुरुवारीही नाही. मास्तरांचे टाके वाकडे पडू लागले. घरात डबे जागच्या जागी होते, खुर्ची वीतभरावर होती, आणि तरीही मास्तरांना सारखं वाटे, कोणीतरी काहीतरी हलवलंय.

जगातलं प्रत्येक दुखणं शेवटी बुटात असतं, अशी मास्तरांची पक्की समजूत. ते कामाला लागले. चार दिवस खपून त्यांनी असे बूट शिवले, की हातावर ठेवले तर वजन कळू नये. सोल म्हणजे नुसती साय. मास्तरीणबाईंनी ते घातले, खोलीत चार पावलं टाकली आणि नवऱ्याच्या गालाला हात लावला. "फार छान झालेत," त्या म्हणाल्या. "पण बुटांचं काही नाही हो. गवतच नाहीये."

तेव्हा कुठे मास्तरांनी दुकानाला कुलूप लावलं आणि मेव्हण्याबरोबर डोंगर चढायला घेतला.

रात्री पाऊस होऊन गेला होता. धुकं इतकं दाट, की पुढे चालणाऱ्या मेव्हण्याची पाठ मधेच विरून जाई आणि नुसतं फावडं हवेत तरंगत राही. मास्तरांना चढताना धाप लागत होती, पण आत कुठेतरी मौजही वाटत होती. पिवळी माती आली, हे पहिलं वळण. ज्या डोंगरावर ते रोज मनानं हिंडत, तो आता पायाखाली एकेक करून खरा होत होता. इथे तिला धुकं खांद्यापर्यंत लागलं असणार. इथे ती थांबत असणार.

आणि मग दुसरं वळण आलं. दीड फुटांची पायवाट शोधत मास्तर उभे राहिले. समोर नांगरून टाकल्यासारखी उघडी जमीन होती. या कडेपासून त्या कडेपर्यंत मास्तरांनी पावलं टाकली, बारा भरली. मधे डबकी, डबक्यांभोवती बुटांचे ठसे, ठशांच्या पलीकडे तुडवून पिवळं पडलेलं गवत. झाडांची मुळं हाडांसारखी वर आलेली. वळणाला बगल देऊन सरळ खाली एक ओघळ उतरला होता, मास्तरांच्या कमरेइतका खोल.

"ही वाट?" मास्तरांनी विचारलं.

"ही वाटच होती, भावोजी." मेव्हण्यानं फावडं रोवलं आणि त्यावर हनुवटी टेकली. "पाऊस पडला, की मधे डबकं साचतं. एक माणूस डबकं टाळून कडेनं जातो. कडेचं गवत मेलं, की तिथेही चिखल. मग दुसरा त्याच्याही कडेनं. तिसरा आणखी बाहेरून. गवताच्या मुळांनी माती धरलेली असते, मुळं गेली की पाणी माती घेऊन खाली पळतं. हा ओघळ बघा. पाच मिनिटं वाचवायला लोक वळण तोडून सरळ उतरले, पाणीही त्यांच्या मागून सरळ उतरलं."

"मग तू काय करतोस दिवसभर?"

"पाणी बाजूला काढायला तिरके दगड बसवतो. पाणी बिचारं ऐकतं. माणसांना कसले दगड लावू?" तो वैतागून मिशी चावू लागला. "मधून चाला म्हणतो, तर अंगावर येतात. चिखल लागला तर लागला, वाळला की झटकता येतो. पण नाही! कुणी शिकवलंय यांना कोण जाणे, गवत सोडायला तयार नाहीत."

तेवढ्यात धुक्यातून माणसं उतरताना दिसली. पुढे शाळेतल्या मोठ्या बाई, मागे औषधाच्या दुकानाचे मालक आणि त्यांची सून. तिघंही चिखलाच्या अगदी बाहेरच्या कडेनं, हात पसरून, ओलं गवत हळुवार दाबत येत होती. मास्तरांना पाहून बाईंचा चेहरा उजळला.

"अरे वा, मास्तर! तुम्ही आणि डोंगरावर?" त्यांनी एक पाय उचलून सोल दाखवला. "बघून घ्या. सहा वर्षं झाली, अजून चिखलाचा थेंब लागू दिला नाही. कडेकडेनं, गवतावरून!"

"आमच्या घरात तर लहान पोरांनाही पाठ आहे," औषधवाले कौतुकानं म्हणाले. "सुनेला मी पहिल्याच दिवशी सांगितलं."

ती तिघं नमस्कार करून, बुटांना जपत, धुक्यात उतरून गेली. जाता जाता त्यांच्या बुटांखाली गवत मोडल्याचा बारीक आवाज येत राहिला.

मेव्हण्यानं मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी झाडाकडे पाहिलं. मेव्हण्याला आधी हसू फुटलं, तो हसला, पोट धरून हसला, मिशीतून पाणी गळेपर्यंत हसला, आणि मग एकदम थांबला, कारण भावोजींचा चेहरा कणकेसारखा पांढरा झाला होता.

"ताईला सांगू नका," तो हळूच म्हणाला.

मास्तरांनी सांगितलं नाही. एक दिवस नाही, दोन दिवस नाही. दुकानात गिऱ्हाईक आलं की त्यांची जीभ सवयीनं वळे आणि मधेच अडके. दुपारी कातड्याच्या गठ्ठ्यावर डोकं टेकून पडले, तर त्यांना दिसलं की फळीवरचे सगळे बूट जोडीजोडीनं खाली उतरले आहेत आणि दारातून डोंगराकडे निघाले आहेत. सगळे नीट, सगळे पॉलिश केलेले, सगळे कडेनं. आणि ते चालतील तसा डोंगर मधोमध उसवत होता, टाका न् टाका सुटत होता, नि वर कुठेतरी कोणीतरी उभं राहून पायानं गवत चाचपत होतं. मास्तर दचकून उठले तेव्हा दुपारचं ऊन पायरीवर होतं आणि आतल्या खोलीत बायको गव्हातले खडे बोटांनी निवडत होती.

ते आत गेले आणि उभ्या उभ्या सगळं सांगून मोकळे झाले.

मास्तरीणबाईंची बोटं थांबली. मास्तरांना वाटलं होतं, ती हसेल. निदान जाऊ द्या म्हणेल. तसं काही झालं नाही. त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

"तीस वर्षं," त्या म्हणाल्या. "तीस वर्षं मी इथे बसून तुमचं ते वाक्य ऐकते आहे. कडेकडेनं, गवतावरून. गोड वाटायचं मला! माझा नवरा लोकांच्या बुटांची किती काळजी करतो!" ताट त्यांनी बाजूला सारलं, थोडे गहू सांडले. "तेवढा एक रस्ता होता माझा. घरात तुम्ही, बाजारात तुम्ही, दवाखान्यात तुम्ही. तिथे मी कोणाचा दंड धरत नव्हते. तोही तुम्ही घालवलात, आणि वर माझ्याचसाठी बूट शिवत बसलात."

मास्तर खाली बसून गहू वेचू लागले. 

"ते राहू द्या," मास्तरीणबाई म्हणाल्या. "तोंडानं केलंत, आता तोंडानंच निस्तरा."

दुसऱ्या दिवसापासून मास्तरांनी पाढा उलटा सुरू केला. मधून चाला. चिखल असला तरी मधून. एकामागून एक चाला, शेजारी शेजारी नको. वळण तोडू नका. पाऊस होऊन गेला, की दोन दिवस डोंगराला जरा वाळू द्या. बूट भरले तर इथे आणा, मी पुसून देतो. गिऱ्हाइकं ऐकत, हो हो म्हणत आणि बाहेर पडल्यावर एकमेकांना डोळा मारत. मास्तरांचं वय झालं, एवढाच अर्थ गावानं काढला. शाळेतल्या बाई तर रागावल्या. "सहा वर्षं मी जपलेत हे बूट, तुमच्याच शब्दावर," त्या काउंटरवर पिशवी आपटत म्हणाल्या. "आता म्हणता चिखलात घाला. का म्हणून? एक कारण द्या."

मेव्हण्याकडून ऐकलेलं मुळांचं, पाण्याचं, ओघळाचं सगळं मास्तरांनी सांगितलं. बाई शाळेत शिकवणाऱ्या, त्यांना मुळं काय धरतात ते मास्तरांपेक्षा जास्त ठाऊक होतं. त्यांनी नाक मुरडलं. "माझ्या दोन पायांनी काय तो डोंगर खचणार आहे?"

खरं कारण मास्तरांच्या ओठांवर आलं होतं. पण ते त्यांचं नव्हतं, आणि दुसऱ्याचं झाकलेलं उघडायचा त्यांना धीर होईना. त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

आतला पडदा सरकला. मास्तरीणबाई भिंतीला बोटं लावत बाहेर आल्या, काउंटरपर्यंत, आणि बाईंच्या थोडं डावीकडे पाहत उभ्या राहिल्या. रोज त्या आवाजाचा अंदाज घेऊन बरोबर तोंडाकडे पाहत. आज तो खटाटोप त्यांनी केला नाही.

"बाई, मला दिसत नाही," त्या म्हणाल्या. "बरीच वर्षं झाली. तुम्ही आता कुठल्या रंगाचं नेसलाय ते मला माहीत नाही. गवत दोन्ही पायांना लागलं, की मला वाट कळायची. आता लागत नाही. म्हणून मी घरी बसते."

दुकानात आणखी दोघं होती, त्यांनी हातातले बूट खाली ठेवले. शाळेतल्या बाईंचं तोंड उघडं राहिलं. याआधी कित्येक गुरुवारी आपण हिला वर भेटलो, हवापाण्याच्या गप्पा मारल्या, आणि हिला जागा द्यायला म्हणून बाजूला गवतात सरकलो, हे त्यांना आठवत असावं. कारण त्या एकदम रडायला लागल्या. मास्तरीणबाईंनीच मग हात पुढे करून त्यांचा खांदा शोधला.

"रडू नका हो," त्या जरा तुटकपणे म्हणाल्या. "मधून चाला म्हणजे झालं."

त्या आत गेल्या आणि पडदा ओढून घेतला. मास्तर मागोमाग गेले तेव्हा त्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. इतकी वर्षं झाकलेलं सगळं त्यांनी एका दमात ओतून टाकलं होतं. आता गावात त्यांच्याशी कोणीही पूर्वीसारखं बोलणार नव्हतं, हे त्यांना ठाऊक होतं. मास्तरांनी त्यांचे हात धरून ठेवले.

संध्याकाळपर्यंत ती गोष्ट गावभर झाली. दोन दिवसांनी औषधवाले आले ते घोट्यापर्यंत चिखलात माखून, आणि लढाई जिंकल्यासारखे पाय पुढे करून उभे राहिले. मग ओळच लागली. दुकानाच्या पायरीवर मास्तर ब्रश घेऊन बसत, आणि पूर्वी स्वच्छ बूट मिरवणारी माणसं आता माझा चिखल जास्त की तुझा, यावर वाद घालत. ओल्या दिवशी लोक डोंगराकडे नुसतं बघून परत फिरत. खरवडून काढलेली माती बादलीत साठे आणि मेव्हणा ती घमेल्यानं वर नेऊन ओघळात टाकी. ओघळाच्या मानानं ती माती म्हणजे काहीच नव्हती, पण मास्तरांना तेवढीच पापातून सूट मिळाल्यासारखी वाटे. वाटेच्या उघड्या कडांवर मेव्हण्यानं काटेरी फांद्या आडव्या घातल्या, गवताचे गड्डे लावले, वळण तोडणारा रस्ता दगडांनी बुजवला.

लोकांचं वागणं मात्र बदललं. बाजारात कोणीतरी मास्तरीणबाईंना हाताला धरून रस्ता ओलांडून देऊ लागलं, त्यांनी विचारलेलं नसताना. कोणीतरी मोठ्यानं, सावकाश बोलू लागलं, जणू कानही गेलेत. त्या घरी येऊन चिडत, भांडी आदळत. "गवत उगवलं नाही ना," त्या म्हणत, "तर मी हे सगळं फुकट सोसलं असं होईल." गवताला कोणी घाई करू शकत नाही, आणि ती मास्तरांसाठी सगळ्यात मोठी शिक्षा होती.

पहिलं वर्ष असंच गेलं. दुसऱ्या वर्षी पावसाळा सरता सरता मेव्हणा एका बुधवारी आला, दारातच उभा राहिला आणि म्हणाला, "ताई, उद्या चल."

गुरुवारी तिघं निघाली. पाऊस होऊन तीन दिवस झाले होते. धुकं होतं. मेव्हणा पहिल्या वळणावर मागे थांबला, त्याला म्हणे तिथले दगड बघायचे होते. मास्तरीणबाई पुढे, मास्तर मागे. मास्तरांना समोर फक्त बायकोची पाठ दिसत होती, तीही मधेच पुसट होई. वाट कुठे अरुंद, कुठे अजून रुंदच, कुठे नुसते गवताचे विरळ कोंब. मास्तरीणबाई प्रत्येक पाऊल टाकण्याआधी पाय जरासा बाहेर नेऊन बघत होत्या. 

दुसऱ्या वळणापाशी त्या थांबल्या. डावा पाय बाहेर नेला. आणला. उजवा नेला. आणि तसाच ठेवला.

"काय झालं?" मास्तरांनी विचारलं.

"बारीक आहे अजून," त्या म्हणाल्या. मग वाकून त्यांनी दोन्ही हातांनी दोन्ही बाजूंचं गवत चाचपलं, बाळाचं जावळ चाचपावं तसं. कितीतरी वेळ त्या वाकलेल्याच होत्या. सरळ झाल्या तेव्हा त्यांचा आवाज वेगळा आला. "तुम्ही इथेच थांबा."

"अगं, पुढे चढ आहे. ओलंय. मी नुसता मागून..."

"इथेच."

आणि त्या निघाल्या. चार पावलं दिसल्या, सहाव्या पावलाला धुक्यानं त्यांना घेतलं. थोडा वेळ त्यांची चाहूल येत राहिली, मग तीही थांबली.

मास्तर जिथे होते तिथे उभे राहिले. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की ते डबक्यात उभे आहेत. चांगलंच खोल डबकं, वाटेच्या बरोबर मधोमध. पायात त्यांनी स्वतः शिवलेले, दुहेरी टाक्याचे, कधीही पाण्यात न उतरलेले बूट होते. गार पाणी वरून आत शिरलं, मोज्यांत भरलं, बोटांपर्यंत पोचलं. उजव्या हाताला वीतभर अंतरावर कोरडी कड होती. त्या कडेवर बोटभर उंचीचं, कोवळं, पोपटी गवत होतं.

वरून शाळेतल्या बाई उतरत आल्या, अगदी मधून, पोटऱ्यांपर्यंत चिखल. मास्तरांना पाहून त्या थबकल्या.

"मास्तर, पाण्यात काय उभे आहात? बूट गेले ना तुमचे!"

"ती वर गेलीय," मास्तर म्हणाले.

"भेटल्या मला. एकट्याच चालल्या होत्या. मी हाक मारली, तर गप्प बसा म्हणाल्या, मी पावलं मोजतेय." बाईंनी आजूबाजूला पाहिलं. मास्तरांना ओलांडून जायला कडेनंच जावं लागलं असतं. त्यांनी कडेकडे पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं, आणि त्याही तिथेच, मास्तरांच्या पुढ्यात, पाण्यात उभ्या राहिल्या.

"किती वेळ लागेल त्यांना?"

"पूर्वी तासभर लागायचा," मास्तर म्हणाले. "आता जास्त लागेल."

"लागू दे," बाई म्हणाल्या.